आधी वेल्डर की आधी डोनर? घरच्या गॅरेजमधल्या एका किट कारचं प्रकरण

पार्श्वभूमी

अभिजित (नाव बदललं आहे) मूळचा कोल्हापूर भागातला, मेकॅनिकल इंजिनिअर. गेली काही वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्स भागात नोकरीला आहे. कामावर दिवसभर संगणकावर पार्ट काढायचे आणि हाताला ग्रीस लागायचं नाही, याची त्याला चुटपुट होती. घराला एक गाडी मावेल एवढं गॅरेज होतं. लोटस सेव्हनच्या धाटणीची, दोन जणांची, छप्पर नसलेली छोटी गाडी स्वतः बांधायची असं त्याने ठरवलं.

ही गाडी तिकडे घरी बांधली जाण्यामागे इतिहास आहे. लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या किटवर तो लागत नसे, म्हणून अनेकांनी किट घेऊन घरी जोडली. १९७३ मध्ये केटरहॅमने तिचे हक्क घेतले आणि त्याच वर्षी तो करही गेला, पण सवय राहिली. पुढे १९९० च्या दशकात ‘लोकॉस्ट’ नावाचा प्रकार रुजला. एक इंची चौकोनी पाइपांचा सांगाडा घरीच वेल्ड करायचा आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हब, ब्रेक, स्टिअरिंग हे सगळं एका जुन्या गाडीतून काढून घ्यायचं. या जुन्या गाडीला तिकडे ‘डोनर’ म्हणतात.

आपल्याकडे असला उद्योग केला तर गाडी रस्त्यावर आणताना नियम आडवे येतात. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप बनवली, ती महाराष्ट्रभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच, ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असंही म्हटलं होतं. शेवटी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात त्यांना बोलेरो मिळाली. ब्रिटनमध्ये मात्र हौशी माणसाने बांधलेल्या एकेका गाडीसाठी वेगळी तपासणी आहे. तिला आयव्हीए म्हणतात. ती पास झाली की नोंदणी होते. अभिजितचा सगळा हिशेब या वाटेवर होता.

अडचण

खर्चाची मर्यादा घट्ट होती. सुरुवातीच्या खरेदीसाठी, म्हणजे वेल्डर (वेल्डिंगचं मशीन), पाइप आणि डोनर मिळून, त्याने साधारण १,५०० पौंड बाजूला काढले होते. वेल्डिंगचा अनुभव कॉलेजच्या वर्कशॉपपुरता. आणि सल्लागार दोन: इंटरनेट, आणि इचलकरंजीत फॅब्रिकेशनचं दुकान असलेले दाजी. दोघांचं एकमत व्हायचं नाही.

त्याने पहिली खरेदी केली ती वेल्डरची. सुपरमार्केटच्या सेलमध्ये गॅसलेस मिग मशीन (मिग म्हणजे रॉडऐवजी तार आपोआप पुढे येत राहते) स्वस्त दिसलं आणि उचललं. पाठोपाठ चौकोनी पाइपही मागवले, तेही एका जुन्या आराखड्यावरून कापायची मापं ठरवून. तो आराखडा मागे एकसंध ॲक्सल असलेल्या फोर्ड एस्कॉर्टसाठी होता. डोनर अजून घ्यायचीच होती. म्हणजे घर कुठे बांधायचं ते ठरायच्या आधी दाराची चौकट सुताराकडून आली होती.

या प्रकरणातली बहुतेक ओढाताण इथून सुरू झाली. कुठलं मशीन आणि कुठली गाडी यावर लोक तासन्‌तास बोलतात, त्यांचा क्रम मात्र कोणी विचारत नाही.

वेल्डर: कोणते पर्याय होते

दाजींचं म्हणणं सरळ होतं. इन्व्हर्टर, म्हणजे रॉडवर चालणारं छोटं वेल्डिंग मशीन घ्या, रॉडने मारा. त्यांच्या दुकानात गेट, ग्रिल, शेड, ट्रॉली सगळं रॉडवरच होतं. पण पाइपची जाडी कळल्यावर तेच म्हणाले, “पाव्हणं, दीड एमएमला अडीचचा रॉड लावला तर नुसती भोकं पडतील. दोनचा घ्या, आन् हात हलका ठेवा.” हात हलका ठेवायला वीस वर्षांचा सराव लागतो ही गोष्ट त्यांच्या बोलण्यात आली नाही, कारण त्यांना तो सराव आहे याची आता जाणीवच उरलेली नाही. सांगाड्याच्या पाइपची भिंत १.६ मिलिमीटर होती. नवशिक्याने त्यावर रॉड चालवायचा म्हणजे एका सांध्याला भोक आणि पुढच्याला नुसता लगदा.

टिगने, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने धातू वितळवून तार हाताने भरत गेलं तर काम सुंदर होतं, पण वेळ फार जातो. धातू लखलखीत साफ लागतो, दोन्ही हात आणि बहुधा पायही गुंततो, आणि चांगलं मशीन बजेटबाहेर होतं.

उरलं मिग. त्यात घेतलेलं गॅसलेस मशीन एकीकडे आणि गॅसवर चालणारं जुनं मशीन दुसरीकडे. गॅसलेसमध्ये तारेच्या पोटातच फ्लक्स (वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणारी पूड) असतो, त्यामुळे सिलिंडरची कटकट नाही आणि वाऱ्यातही काम होतं. मात्र ठिणग्या फार, वरून स्लॅग (फ्लक्सचं कडक कवच) झाडावा लागतो, आणि पातळ पाइपला उष्णता जास्त जाते. अभिजितच्या मशीनला करंटसाठी दोन बटणं होती, म्हणजे एकूण चार पायऱ्या. सगळ्यात खालच्या पायरीवरही फट थोडी मोठी राहिली की पाइपला भोक पडायचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्वस्त वेल्डरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात जास्तीत जास्त अँपिअर छापलेले असतात आणि खरेदी त्या आकड्यावर होते. १.६ मिलिमीटरला लागतात साठ-सत्तर अँपिअर. तेव्हा विचारायचं ते हे की मशीन खाली किती उतरतं, तिथे आर्क स्थिर राहतो का, आणि तार एकसारखी सुटते का. तार ढकलणारा भाग प्लास्टिकचा असेल तर दाब धड बसत नाही, तार अडखळते, आणि नवशिक्याला वाटतं आपला हातच वाईट आहे.

दुसरा लपलेला आकडा ड्यूटी सायकलचा. १३० अँपिअरला १० टक्के असं लिहिलेलं असेल, तर त्या करंटवर दहा मिनिटांत एकच मिनिट वेल्डिंग आणि नऊ मिनिटं थंड होणं. छोट्या छोट्या सांध्यांना हे चालून जातं, कारण पुढचा तुकडा बसवण्यात, गुण्या लावण्यात वेळ जातोच. तिसरी मर्यादा घरच्या विजेची. ब्रिटनचा साधा प्लग १३ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम तीन किलोवॅट. त्यापुढचं मशीन घेतलं तर गॅरेजला वेगळी लाइन ओढावी लागते. अभिजित तर घरातून एक्स्टेन्शनची रीळ ओढून काम करत होता, आणि वायर रिळावर गुंडाळलेलीच ठेवून. ती हाताला गरम लागली तेव्हा पूर्ण उलगडायची असते हे कळलं.

एक पाचवा पर्यायही होता: घरी फक्त टाके (जागोजागी छोटे वेल्ड) मारून सांगाडा उभा करायचा आणि पूर्ण वेल्डिंग एखाद्या प्रमाणित वेल्डिंग कारागिराकडून करून घ्यायचं. अभिजितला तो सुरुवातीला कमीपणाचा वाटला.

निर्णयाचा क्षण आला तो व्हाइसवर, म्हणजे तुकडा घट्ट धरणाऱ्या शिकंज्यावर. त्याने दोन तुकडे काटकोनात जोडले आणि फोटो दाजींना पाठवला. रेघ सरळ होती, दिसायला छान. उत्तर आलं, “दिसतंय झकास, पण घेतलंय का बघा. व्हाइसला लावा आन् हातोडा घाला.” तिसऱ्या घावाला तुकडा सुटला. एका पाइपच्या तोंडावर वेल्डचा धातू नुसता टेकलेला होता, खालची काळी पापुद्री जशीच्या तशी होती. मिगचा हा धोका आहे. रॉडचं वाईट काम दुरून ओळखू येतं, मिगचं वाईट काम वरून चांगलं दिसू शकतं.

त्यानंतर त्याने गॅसलेस मशीन विकलं आणि जुनं, १५० अँपिअरचं ट्रान्सफॉर्मरवालं गॅस मिग घेतलं. साधारण दोनशे पौंड, वर रेग्युलेटर आणि भाडं नसलेल्या सिलिंडरची अनामत. हातात मावणाऱ्या, वापरून टाकायच्या छोट्या बाटल्या घ्यायच्या मोहातून तो वाचला. त्या दिसायला स्वस्त असतात, पण दुपारभरात संपतात. आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, ०.६ मिलिमीटरची तार.

पहिल्याच संध्याकाळी रेघेवर अनारशासारखी जाळी आली. मशीन बिघडलं असेल म्हणून त्याने तार बदलली, नोझल साफ केलं. कारण होतं गॅरेजचं दार. धूर जावा म्हणून ते उघडं होतं आणि वाऱ्याने गॅसचं आवरण उडून जात होतं. दार अर्धं ओढून, धुरासाठी मास्क वापरून प्रश्न सुटला.

डोनर: कागद की इंजिन

एस्कॉर्टचा विचार आठवड्याभरात संपला. तिच्या दुसऱ्या पिढीचं, मार्क टूचं उत्पादन १९८० मध्ये थांबलं. उरलेल्या गाड्या जुन्या रॅलीवाल्यांनी उचलल्या आणि किमती अशा चढल्या की तिला फाडून भाग काढणं वेडेपणाचं झालं. सिएरा (१९८२ ते १९९३) एकेकाळी लोकॉस्टवाल्यांची लाडकी. पण ती आता अख्खी मिळत नाही. एकाकडे गिअरबॉक्स, दुसऱ्याकडे डिफरन्शियल, तिसऱ्याकडे हब. प्रत्येक भाग स्वस्त आणि एकत्र जमवायचा खर्च मोठा. बीएमडब्ल्यूची ई३६ मिळत होती. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन या छोट्या सांगाड्यात लांब आणि जड पडतं. चार सिलिंडरची चालली असती, पण मागचं सगळं सामान भारदस्त.

राहिली माझदा एमएक्स-५. इंजिन लांबीत बसवलेलं, मागच्या चाकांना ताकद, मागे स्वतंत्र सस्पेन्शन. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या गाडीला १.६ लिटरचं ट्विन कॅम इंजिन आहे. आणि ती स्वस्त मिळण्याचं कारण किट बांधणाऱ्याच्या पथ्यावर पडणारं आहे: मागच्या चाकांपुढचे सिल (दाराखालचा पत्र्याचा भाग) गंजतात, गाडी वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते, आणि बाकी यंत्र ठणठणीत असतं. जे गंजलंय ते तुम्हाला नकोच आहे.

दोन गाड्या समोर होत्या. पहिली जपानहून आयात झालेली युनोस (एमएक्स-५ चंच तिकडचं नाव), ४५० पौंड, चालू, पण नोंदणीचं लॉगबुक हरवलेलं. दुसरी ८०० पौंडांची, सिल कुजलेले, लॉगबुक विकणाऱ्याच्या नावावर आणि हातात. त्याचा कल पहिलीकडे होता. त्याचं म्हणणं, मला इंजिन हवंय, कागद काय करू?

इथे त्याने थांबून नियम वाचले, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातलं हे सगळ्यात चांगलं काम. नोंदणी करणाऱ्या डीव्हीएलएच्या नियमांनुसार डोनरच्या वयाचा क्रमांक (ज्यावरून गाडी कधीची ते कळतं) मिळायचा तर त्या गाडीचे किमान दोन मोठे भाग आणि किट बनवणाऱ्या कंपनीचा नवा सांगाडा लागतो. घरी वेल्ड केलेला सांगाडा त्यात बसत नाही, तेव्हा वय ठरवता न येणाऱ्या गाडीला मिळते ती ‘क्यू’ने सुरू होणारी पाटी मिळणार हे तो धरून चालला. क्यू पाटीने पुढे विकताना किंमत कमी येते. पण मग लॉगबुकचा उपयोग काय? इंजिनाच्या वयाचा पुरावा. धुराची चाचणी कुठल्या मर्यादेने होणार, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागणार की नाही, हे इंजिन कधीचं आहे त्यावर ठरतं. शिवाय इंजिन चोरीचं नाही हेही दाखवता यायला हवं. कागद नसलेली गाडी ३५० पौंडांनी स्वस्त होती, आणि वाचलेले ते पैसे तपासणीच्या टेबलावर एका दुपारी निघून गेले असते.

दुसऱ्या गाडीच्या पाहणीत आणखी एक बारकावा त्याने तपासला. सुरुवातीच्या १.६ इंजिनांमध्ये क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं आणि पुलीचा बोल्ट सैल झाला की चावीची (पुलीला शाफ्टवर धरून ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याची) खाच खाल्ली जाते. पुलीवर चार खाचा दिसल्या तर आखूड टोक, आठ दिसल्या तर नंतरचं लांब टोक. बॅटरीवर चालणारा छोटा टॉर्च खाली धरून त्याने मोजल्या: आठ. मग गाडी गावात फिरवून गिअरबॉक्सचा, डिफरन्शियलचा आवाज ऐकला आणि व्यवहार केला. चालू डोनर घेण्याचा फायदा हाच. सुट्या गिअरबॉक्सला ऐकता येत नाही.

प्रत्यक्ष काम

डोनर दारात आली आणि जुना आराखडा बाद झाला. एमएक्स-५ चं डिफरन्शियल, मागचे स्वतंत्र हब, गिअरबॉक्ससाठी लागणारा रुंद बोगदा, यातलं काहीच एस्कॉर्टच्या मापात बसेना. कापून ठेवलेल्या पाइपांपैकी लांब तुकडे वापरता आले. मागच्या भागाचे बरेचसे सरावाच्या ढिगाऱ्यात गेले. तो ढिगारा नंतर उपयोगी पडला, हे त्याचं समाधान. मला ते महागडं समाधान वाटतं.

सांगाडा एका जाड, सपाट बोर्डवर बांधला. बोर्डवर मध्यरेषा आणि तळाची चौकट आखली, पाइपांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे स्क्रूने ठोकले, आधी सगळीकडे टाके मारले आणि कर्ण मोजले. एका बाजूचे सांधे सलग पूर्ण करत गेला तेव्हा चौकट चार मिलिमीटरने ओढली गेली. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाइप आपल्याकडे खेचतो. मग क्रम बदलला: डावीकडे एक, उजवीकडे समोरचा एक, मध्ये थांबणं.

एव्हाना व्हाइसवरचे नमुने तुटेनासे झाले होते. पाइप वाकायचा, वेल्ड धरून राहायचा. तरीही सस्पेन्शनचे ब्रॅकेट, सीटबेल्टचे आधार आणि स्टिअरिंगच्या आसपासचे सांधे घरी पूर्ण करायचे नाहीत असं त्याने ठरवलं. टाके मारलेला सांगाडा व्हॅनमध्ये घालून तो प्रमाणित वेल्डिंग कारागिराकडे नेला. तिथे दिवसभराच्या मजुरीत एवढेच सांधे टिगने करून घेतले. विशबोन, म्हणजे चाकाचा हब सांगाड्याला जोडणारे दांडे, तयार विकत आणले. जो पर्याय आधी कमीपणाचा वाटला होता, तोच सगळ्यात महत्त्वाच्या जागांसाठी वापरला.

डोनरचं हार्डटॉप, सीट, दारं आणि दिवे विकून गाडीची निम्म्याहून जास्त किंमत परत आली. उरलेलं कवच अनेक आठवडे दारात पडून राहिलं आणि शेजाऱ्यांशी संबंध ताणले गेले, हा खर्च कुठल्याच वहीत नाही. लॉगबुक मात्र त्याने जपून ठेवलं.

निकाल

गाडी सहाशे किलोंच्या आसपास भरली. मूळ एमएक्स-५ त्याहून सुमारे साडेतीनशे किलोंनी जड. पहिल्या आयव्हीएत ती नापास झाली. वेल्डिंगवर नाही, तर सस्पेन्शनच्या उघड्या बोल्टांवर आणि डॅशखालच्या एका ब्रॅकेटच्या कडेवर. बाहेर आणि आत जिथे हात-पाय लागू शकतो तिथल्या कडांना २.५ मिलिमीटरची गोलाई लागते. बोल्टांना प्लास्टिकच्या टोप्या, कडेला रबरी पट्टी, आणि दुसऱ्या खेपेला पास. क्यू पाटी लागली.

इथे एक सावधगिरी. परीक्षक दिसणारं काम पाहतो. वेल्ड कापून आत काय आहे हे कोणी बघत नाही. तपासणी पास झाली म्हणजे सांधे मजबूत आहेत असा अर्थ काढणाऱ्यांना मी तरी त्या गाडीत बसू देणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

डोनर आधी घेतली असती तर आराखडा एकदाच निवडावा लागला असता. इंजिन आणि मागचे हब जमिनीवर उतरवून मापं घ्यायची, मग पाइप मागवायचे. वेल्डर तोपर्यंत थांबू शकला असता. फार तर भाड्याने एखाद्या वीकेंडला आणून हात बसतो का ते बघता आलं असतं. स्थानिक कॉलेजांत संध्याकाळचे वेल्डिंगचे वर्ग असतात. तिथली फी पहिल्या मशीनवर बुडालेल्या पैशांच्या आसपासच गेली असती, आणि व्हाइसचा धडा कुणीतरी पहिल्याच दिवशी दिला असता.

दाजींचा सल्ला मशीनच्या बाबतीत चुकीच्या जागी होता, पण तपासण्याच्या बाबतीत अचूक. अभिजितने दोन्ही एकाच पारड्यात टाकून काही काळ त्यांना विचारणंच बंद केलं होतं.

सगळ्यात मोठा फाटा मात्र वेगळाच. तयार वेल्ड केलेला सांगाडा किट कंपनीकडून घेतला असता तर वेल्डरचा प्रश्नच उद्भवला नसता, आणि डोनरचं लॉगबुक वयाचा क्रमांक मिळवायलाही कामी आलं असतं. खर्च सुरुवातीला बराच जास्त, पण क्यू पाटीने विक्रीत होणारं नुकसान आणि वाया गेलेले पाइप धरले तर फरक वाटतो तेवढा राहत नाही. विकायच्या हिशेबाने गाडी बांधणाऱ्याने हाच रस्ता धरावा असं माझं मत. अभिजितला ते मान्य नाही. त्याचं म्हणणं, सांगाडा विकतच आणायचा तर एमएक्स-५ चे सिल वेल्ड करून तीच चालवली असती.